मागच्या तारखेचं मांजर

दुरून पाहिलं तर वाटतं, या माणसाने वर्षभर नेकीने काम केलंय. हिरवे चौकोन दाटीवाटीने बसलेत, काही फिके, काही गडद. मग नजर जरा स्थिरावते आणि दोन कान दिसतात. कानांखाली डोळे. म्हणजे हे काम नाहीच. मांजर आहे.

हे मांजर बसतं गिटहबवर. सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी आपला कोड जिथे ठेवतात, एकमेकांचा वाचतात, त्यातल्या चुका काढतात, ते हे ठिकाण. २००८ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेली ही कंपनी मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलर किमतीचे शेअर मोजून घेतली. जानेवारी २०२३ मध्ये खातेदारांची संख्या १० कोटींवर गेली, आणि त्याच वर्षीच्या कंपनीच्या अहवालात भारतातले खातेदार १ कोटी ३२ लाख होते. अमेरिकेखालोखाल आपणच. तेव्हा ‘हे अमेरिकेतल्या पोरांचे चाळे’ म्हणून पान उलटायची सोय नाही. वाचकाच्या घरात एखादी भाची किंवा पुतण्या इंजिनिअरिंगला असेल, तर त्या घरातही हा हिरवा तक्ता असणार.

तक्ता साधा आहे. जानेवारी २०१३ मध्ये गिटहबने तो प्रत्येकाच्या प्रोफाइलवर लावला. एक चौकोन म्हणजे एक दिवस, एक उभी रांग म्हणजे एक आठवडा. वर रविवार, तळाला शनिवार. अशा ५३ रांगा डावीकडून उजवीकडे लावल्या की वर्ष पुरं होतं. ज्या दिवशी काहीच केलं नाही तो चौकोन राखाडी. काही केलं असेल तर हिरवा, आणि जितकं जास्त तितका गडद. हिरव्याच्या छटा चार. ‘काही केलं’ यात बरंच मोजतात. दुसऱ्याच्या प्रकल्पातली चूक नोंदवणं, सुधारणा सुचवणं, ती तपासणं. पण मुख्य गोष्ट म्हणजे कमिट. कोडमध्ये बदल करून ‘हा बदल मी, अमुक दिवशी, अमुक कारणासाठी केला’ अशी जी नोंद होते ती कमिट.

अमुक दिवशी. मांजर आत शिरतं ते याच फटीतून.

कमिटची तारीख कोण ठरवतं? बहुतेकांना वाटतं, गिटहबचं घड्याळ. तसं नाही. गिटहबच्या पोटात गिट नावाची प्रणाली आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी ती एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतली, कारण लिनक्स या त्यांच्याच ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामाला ते वापरत असलेल्या बिटकीपर या प्रणालीचा फुकट परवाना बंद झाला होता. लिनक्सचं काम तेव्हाही आणि आजही ईमेलवर चालतं. कुणीतरी मंगळवारी दुरुस्ती लिहून मेलने पाठवायचा, आणि ज्याच्याकडे त्या विभागाची जबाबदारी तो ती पुढच्या आठवड्यात, वेळ मिळेल तेव्हा, मूळ कोडमध्ये घालायचा. श्रेय लिहिणाऱ्याचं, तारीखही त्याचीच राहायला हवी. म्हणून गिट प्रत्येक कमिटसोबत दोन तारखा ठेवतं. लेखकाची एक, आणि ती कमिट प्रत्यक्ष नोंदवणाऱ्याची दुसरी. लेखकाची तारीख लेखक सांगेल ती. उलटतपासणी नाही. करणार तरी कशी? गिट प्रत्येकाच्या आपापल्या संगणकावर चालतं, आणि त्या संगणकाचं घड्याळ ज्याच्या त्याच्या हातात असतं.

गिटहबचा तक्ता यातली लेखकाची तारीख धरतो. सरकारी कचेरीत मागच्या तारखेचा शिक्का मारून घ्यायला ओळख लागते. गिटमध्ये एक ओळ पुरते. कमिट करताना तारीख लिहायची, २०१६ सालचा एखादा गुरुवार, आणि कोड गिटहबवर ढकलायचा. थोड्या वेळात २०१६ च्या त्या गुरुवारी हिरवा ठिपका उगवतो. बदलही खरा असावा लागत नाही. एका फायलीत एक अक्षर वाढवलं तरी चालतं, आणि गिटला तसं बजावून सांगितलं तर तेवढ्याचीही गरज नसते. ते पूर्ण रिकामी कमिट नोंदवून घेतं. गिटहबच्या अटी मोजक्याच. कमिटवरचा ईमेल पत्ता तुमच्या खात्याशी जोडलेला हवा, ती प्रकल्पाच्या मुख्य शाखेत हवी, आणि प्रकल्प दुसऱ्याची नक्कल म्हणून उघडलेला नको. हे पाळलं की सात ओळी आणि त्रेपन्न रांगांची भिंत तुमची.

भिंत दिसली की माणूस खडू शोधतोच. या भिंतीचं सगळ्यांत प्रसिद्ध अवजार म्हणजे गिटफिटी, गिट आणि ग्राफिटी यांचा जोडशब्द. पायथनमध्ये लिहिलेला छोटासा प्रोग्राम. तो तुमचं खातं विचारतो, चित्र किती आठवडे सरकवायचं ते विचारतो, आणि शेकडो मागच्या तारखांच्या कमिट्सची आज्ञावली बनवून हातात देतो. सोबत तयार चित्रंही मिळतात. सुरुवातीला उल्लेख केलेलं मांजर त्यातलंच. मारिओच्या खेळातलं जादा जीव देणारं अळंबी आहे, गिटहबचं बोधचिन्ह असलेली अर्धी मांजर अर्धी ऑक्टोपस आहे. आणि एक चित्र नसून मजकूर आहे: ‘हायर मी’. मला नोकरी द्या.

या मजकुराकडे परत यायचंच आहे. आधी कारागिरी.

सात ओळी म्हणजे फार कमी. जपानमध्ये १९७८ साली आलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या खेळातले परग्रहवासी म्हणजे कमी ठिपक्यांच्या चित्रकलेचे मूळपुरुष. ते आठ ओळींचे आहेत. म्हणजे ते या भिंतीवर बसत नाहीत. डोक्याचा शेंडा नाहीतर पाय छाटावे लागतात. मॅकिंटॉशच्या चिन्हांसाठी सूझन केअर यांच्या हाताशी ३२ बाय ३२ चा आलेखकागद होता. त्या मानाने इथे उंची पाव हिश्शाहूनही कमी. उलट अक्षरांना ही उंची सोयीची, कारण पाच बाय सात ठिपक्यांचं रोमन अक्षर ही इलेक्ट्रॉनिक पाट्यांवरची जुनीच वहिवाट. अक्षराला पाच रांगा आणि मध्ये एक मोकळी धरली की वर्षात नऊ अक्षरं मावतात. मोठं आडनाव असलेल्यांनी आद्याक्षरांवर भागवावं.

पेशातल्या लोकांना फार आवडणारं एक चित्र मात्र सहज बसतं. जॉन कॉनवे या गणितज्ञाच्या ‘गेम ऑफ लाइफ’मधला ग्लायडर. तीन बाय तीनच्या चौकटीत पाच ठिपके. २००३ मध्ये एरिक रेमंड यांनी हॅकर मंडळींचं चिन्ह म्हणून हाच सुचवला होता. खऱ्या ग्लायडरचा गुण म्हणजे तो सरकत जातो. गिटहबवरचा ग्लायडरही सरकतो, फक्त आठवड्याला एक घर, आणि नेहमी डावीकडेच. तक्ता कायम गेल्या एका वर्षाचा असतो ना. रविवार उजाडला की उजवीकडे नवी रांग उघडते आणि डावीकडची जुनी पडद्याआड जाते. मांजराची शेपटी डावीकडे असेल तर आधी शेपटी जाते.

बारकावे आणखी आहेत. नवखा माणूस कमिटला मध्यरात्रीची वेळ देतो आणि संगणकाच्या वेळपट्ट्यांच्या गोंधळात त्याचा ठिपका एक दिवस इकडे तिकडे होतो. चौकोन एक घर वर गेला तर डोळा भुवईत शिरतो. शनिवारचा रविवार झाला तर तळाचा ठिपका थेट शेजारच्या रांगेच्या माथ्यावर जाऊन बसतो. सरळ दुपारी बाराची वेळ दिली की दोन्ही बाजूंना बारा-बारा तास हाताशी राहतात.

छटांचं गणित त्याहून खोडकर आहे. किती कमिट्सना किती गडद, याचं ठरीव माप नाही. गिटहब तुमच्याच वर्षभराच्या कामाशी तुलना करून छटा वाटतं. एरवी रिकाम्या खात्यावर रोज एकेक कमिटने चित्र उमटेल, पण रोज तीस कमिट्स करणाऱ्याच्या खात्यावर तीच रेघ फिकी दिसेल. त्याला एकेका गडद ठिपक्यासाठी ढीगभर कमिट्स ओताव्या लागतात. आणि चित्र पुरं झाल्यावर एखाद्या आठवड्यात खरंच कामाचा डोंगर उपसला, तर मोजपट्टी ताणली जाते आणि मांजर फिकटतं. काम केल्याने चित्र बिघडतं. अशी भिंत दुसरी सापडणं कठीण.

डिसेंबर २०२० मध्ये गिटहबने काळ्या पार्श्वभूमीचा पर्याय दिला, तेव्हा आणखी एक गंमत झाली. पांढऱ्यावर जास्त काम म्हणजे जास्त गडद. काळ्यावर जास्त काम म्हणजे जास्त उजळ. चारी छटा वापरून कुणी सावली-उजेडाचं काम केलं असेल, तर ते फिल्मच्या निगेटिव्हसारखं उलटं झालं. आता तुमचं मांजर काळं की गोरं, हे पाहणाऱ्याने कुठला पर्याय निवडलाय त्यावर ठरतं. हॅलोवीनच्या दिवशी तर गिटहब स्वतःच सगळा तक्ता पिवळा-नारिंगी करून टाकत आलंय.

एवढी हौस कशासाठी? नुसती हौस म्हणून, हे एक उत्तर आहे आणि ते पुरेसं आहे. ठिपक्यांचा कागद घेऊन रांगोळी काढणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही. पण या भिंतीला आणखी एक बाजू आहे. लोक त्यावर चित्र काढत होते त्याच वर्षांत तिच्याकडे हजेरीपट म्हणूनही पाहिलं जात होतं.

सुरुवातीच्या तक्त्याखाली आकडे असत. वर्षातली एकूण कामं, सलग किती दिवस काम केलं त्याचा आजवरचा उच्चांक, आणि सध्या चालू असलेली सलग साखळी. तिला म्हणतात स्ट्रीक. एक दिवस चुकला की शून्य. ‘साखळी तुटू देऊ नकोस’ हा कानमंत्र विनोदवीर जेरी साइनफेल्ड यांच्या नावावर खपतो, तो आपला नव्हे असं त्यांनी स्वतः सांगूनही. जेक्वेरी ही कोडची लायब्ररी घडवणारे जॉन रेसिग यांनी एप्रिल २०१४ मध्ये आपण रोज कोड लिहितो त्याबद्दल लिहिलं, आणि ते खूप वाचलं गेलं. त्यांचे नियम कडक होते. रोज लिहायचं, मध्यरात्रीपूर्वी, उपयोगाचं लिहायचं, आणि ते सर्वांसाठी खुलं ठेवायचं. नुसत्या मोकळ्या जागा सरळ केल्या तर ते धरायचं नाही. त्यांना याचा फायदा झाला. नियमांतली ‘उपयोगाचं’ ही अट मात्र तक्त्याला कळत नव्हती. रात्री पावणेबाराला एखाद्या फायलीतला स्वल्पविराम हलवून झोपणारेही होते, आणि त्यांचा चौकोनही तितकाच हिरवा.

मे २०१६ मध्ये गिटहबने ते साखळीचे आकडे काढून टाकले. तक्ता राहिला, मोजणी गेली. संशोधकांच्या दृष्टीने हा आयताच प्रयोग: जगभरच्या लोकांवरून एकाच दिवशी एकच गोष्ट काढून घेतली, आता वागणं बदलतं का ते बघा. लुकास मोल्डन, मार्कुस स्ट्रोमायर आणि योहानेस वाक्स यांनी ते पाहिलं आणि २०२१ मध्ये सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या एका मोठ्या परिषदेत मांडलं. लांब चाललेल्या साखळ्या लोकांनी सोडून दिल्या. शनिवार-रविवारचं काम घटलं. दिवसभरात जेमतेम एकच नोंद, असे दिवसही कमी झाले. एका छोट्या आकड्यापायी माणसं रविवारी संगणकासमोर बसत होती, असा याचा सरळ अर्थ.

तरी तक्ता हजेरीपट राहिलाच. नोकरीच्या अर्जांत गिटहबचा पत्ता लिहायला रकाना असतो. तिथे जाऊन कुणी कोड वाचतं का, हा वेगळा प्रश्न. कोड वाचायला तास लागतो, हिरवळ बघायला दोन सेकंद. या दोन सेकंदांची खिल्ली उडवणारं एक अवजार आहे, ‘रॉकस्टार’ नावाचं. दोन मिनिटांत तुम्हाला रॉकस्टार प्रोग्रामर बनवतो, असा त्याचा दावा. ते तुमच्या नावावर मागच्या तारखांच्या कमिट्सचा पाऊस पाडतं. थट्टेखातर लिहिलेलं, पण मनापासून वापरणारेही असणारच. अवजाराला थट्टा कळत नाही.

आता ‘हायर मी’. उमेदवार खोट्या तारखांनी आपल्या हजेरीपटावर ‘मला नोकरी द्या’ असं लिहितो. नियमाने पाहिलं तर ही सगळी बनावट नोंद. पण ती पाहणाऱ्याला फसवत नाही, उलट सांगून टाकते की या चौकोनांना फार भाव देऊ नका, मी ते हवे तसे भरू शकतो. रॉकस्टार लावून तक्ता गच्च भरणारा आणि त्यावर मांजर काढणारा, दोघांचं तंत्र एकच, आज्ञाही त्याच. मांजरवाला निदान तोंडावर खोटं बोलतोय. वर्षभर अखंड हिरवा तक्ता दिसला तर संशय घ्यायला जागा आहे. मांजराबद्दल कुणाचा गैरसमज होत नाही.

तारखेसारखंच नावही लेखक सांगेल ते. कमिटवर दुसऱ्याचं नाव आणि ईमेल टाकलं तरी गिट हरकत घेत नाही. गंमत म्हणून लोकांनी टॉरवाल्ड्स यांच्या नावाने आपल्या प्रकल्पांत कमिट्स घातल्यात, आणि त्या शेजारी त्यांचा फोटोही दिसतो. इथे मात्र चेष्टा संपते. चेकमार्क्स या सुरक्षा कंपनीने जुलै २०२२ मध्ये हाच धोका मांडला: जुनं खातं, भरलेला तक्ता, योगदान देणाऱ्यांच्या यादीत एखादं मोठं नाव, हे सगळं बनवता येतं आणि त्यावर भरवसा ठेवून कुणी घातक कोड आपल्या संगणकावर घेऊ शकतं. यावर उतारा एप्रिल २०१६ पासून आहे. डिजिटल सही केलेल्या कमिटवर गिटहब ‘व्हेरिफाइड’ अशी हिरवी मोहर लावतं. ती सही माणसाची खात्री देते. तारखेची नाही. सही करूनही मांजर काढता येतं.

भिंतीशी खेळण्याचे सभ्य प्रकारही निघालेत. त्यात तारखा खोट्या नसतात, आहे त्या तक्त्याचंच दुसरं काही बनवतात. एक साप आहे, तो तुमचे हिरवे चौकोन एकेक करून गिळत फिरतो. जुन्या नोकिया फोनवर वाढलेल्या पिढीला वेगळं सांगायला नको. जेसन लाँग, म्हणजे गिटचं बोधचिन्ह काढणारे डिझायनर, यांनी ब्राउझरसाठी एक जोड लिहिली. त्यात प्रत्येक दिवस ठोकळ्यासारखा उभा राहतो आणि तक्त्याचं शहर होतं. २०२१ मध्ये खुद्द गिटहबने ‘स्कायलाइन’ आणलं. वर्षाच्या कामाची ती नगररचना त्रिमितीय प्रिंटरवर छापून टेबलावर ठेवता येते. बाळंतपणाच्या रजेचा किंवा आजारपणाचा काळ तिथे सपाट मैदान होऊन दिसतो.

एवढं वाचून मराठी माणसाच्या मनात येणारच: आपल्या लिपीत काही लिहिता येईल का?

येईल, पण लिपी झगडायला लावते. देवनागरी अक्षर नुसतं रेघेवर उभं राहत नाही. ते शिरोरेघेला लटकतं, वर वेलांट्या-मात्रा-अनुस्वार चढतात, खाली उकार लोंबतात. विंडोजमधल्या ‘मंगल’ या फाँटचं श्रेय असलेले सुलेखनकार र. कृ. जोशी मुंबईच्या आयआयटीत शिकवत. अक्षराच्या वळणावर ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना सात ओळींची ही कोंडी दाखवायची सोय आता नाही. ते २००८ मध्ये गेले. लोकलच्या फलाटावरच्या ठिपक्यांच्या पाट्यांवर मराठी नाव नीट वाचता येतं, पण तिथे ओळी सातपेक्षा बऱ्याच जास्त असतात.

इथे पहिली ओळ शिरोरेघेला दिली की अक्षराच्या अंगाला उरतात सहा. वेलांटीला जागा नाही, म्हणून ‘मराठी’ हा शब्दच बाद. ‘गिटहब’ही बाद. शिरोरेघ एक ओळ खाली आणली तर अनुस्वाराचा ठिपका कसाबसा मावतो, पण वेलांटीची कमान एका ओळीत काढायची म्हणजे दुसरी शिरोरेघच. उकार तर विसराच. तेव्हा बिनमात्रांचे शब्द शोधायचे. घर, कमळ, गडबड, वटवट. ‘खटपट’ फार छान बसतो. चार अक्षरं, प्रत्येकी सहा रांगा, एकूण चोवीस आठवडे. मागच्या तारखा घालून हा शब्द एका दुपारी लिहून होईल.

पण समजा कुणी ठरवलं की तारखा खऱ्याच ठेवायच्या. ज्या दिवसाचा ठिपका त्याच दिवशी भरायचा. रोमन अक्षरांना हे बऱ्यापैकी सोपं जातं, दोन अक्षरांमधल्या मोकळ्या रांगेत आख्खा आठवडा सुट्टी मिळते. देवनागरीत ती सोय नाही, कारण तक्त्यातली वरची ओळ रविवारची आहे आणि शिरोरेघ अक्षरांच्या मध्येही तुटत नाही. भाऊबीजेनंतरच्या रविवारी ‘ख’ला हात घातला, तर अक्षय्य तृतीयेच्या थोडं आधी शेवटचा ‘ट’ पुरा होईल. मधले चोवीसच्या चोवीस रविवार कामावर.